टोपलीतली तिसरी किल्ली

कपाट उघडं होतं. दोन्ही दारं सताड उघडी, माझे ड्रेस जमिनीवर, ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर कोणाच्या तरी बुटाचा ठसा, आणि मी दारातच उभी. एका हाताला मुलगी, दुसऱ्या हातात दवाखान्याची पिशवी. ओरडायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली, आवाजच नाही. मुलगी चार वर्षांची, तिला वाटलं मी खेळतेय, तीपण तोंड उघडून माझ्याकडे बघत हा हा करायला लागली.

मग डोक्यात आलं, तो अजून आत असला तर. बाथरूमचं दार लोटलेलं होतं. मी मुलीला उचललं, तशीच पाठीपाठी जिन्यात आले आणि समोरचं दार दोन्ही हातांनी बडवलं, तेव्हा कुठे आवाज फुटला. काय ओरडले ते मला आठवत नाही. समोरच्या ताई म्हणतात, मी फक्त "खोकी, खोकी" ओरडत होते.

ह्या ताई नाशिककडच्या. त्यांचे मिस्टर ऑफिसात नकाशे काढायचे. ताई बारावी शिकलेल्या, थोडं अरबी बोलायच्या, आणि माझ्यासारख्या सातवीतून शाळा सोडलेलीचा सगळा कारभार त्यांच्यावर चालायचा. त्या हातात झाडू घेऊन माझ्याआधी आत घुसल्या. मी मागे, माझ्यामागे मुलगी माझी ओढणी धरून.

"कोण आहे रे आत? ये बाहेर," ताईंनी मराठीत विचारलं.

कोणी नव्हतं. बाथरूममध्ये नळ ठिबकत होता तेवढाच. मी पलंगाखाली वाकून बघितलं. दोन्ही खोकी गेली होती.

खोकी म्हणजे काय ते कुवेतच्या अब्बासियात राहिलेल्या माणसाला सांगायला नको, पण तुम्हाला सांगते. तिथे घरोघरी पलंगाखाली एक तरी खोकं असायचंच. गावी जायचं दोन वर्षांनी, पण खोकं भरायला लागायचं पहिल्या महिन्यापासून. आज एक साबण टाक, पुढच्या महिन्यात दुधाच्या पावडरीचा डबा, बामाच्या डब्या, टॉर्च, सासऱ्यांना ब्लँकेट, शेजारच्या चाचीला अत्तराची बाटली. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलेलं, तिच्यासाठी चमकीचं कापड होतं, मी ते काढून काढून बघायची आणि परत घडी घालायची. मार्च उजाडला होता, म्हणून आठ दिवसांपूर्वीच ह्यांनी दोन्ही खोकी दोरीने आवळून बांधली, वर मार्करने नाव-गाव लिहिलं. म्हणजे चोराला बांधायचेसुद्धा कष्ट पडले नाहीत. आणि भरदिवसा दोरी बांधलेलं खोकं खांद्यावर घेऊन जिना उतरणाऱ्या माणसाला अब्बासियात कोण अडवणार? सगळ्यांना वाटणार, चालला बिचारा गावी. कोणी तरी त्याला दार धरून दिलं असेल, सलाम करून सुखरूप जा म्हटलं असेल. मला अजूनही ते आठवलं की हसायला येतं आणि रडायलाही येतं.

टेपरेकॉर्डर गेला, ह्यांचं घड्याळ गेलं. बांगड्या तेवढ्या वाचल्या, कारण दवाखान्यात जाताना मी त्या घालून गेले होते. मुलीला इंजेक्शन द्यायचं होतं, मला कशाला बांगड्या हव्या होत्या, पण बाहेर पडताना घालायची सवयच तशी.

ताईंनी फोन केला, हे सुलैबियाच्या वर्कशॉपमधून कोणाच्या तरी पिकअपमध्ये बसून आले. हातात हेल्मेट तसंच. त्यांनी आधी मुलीला चाचपलं, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग घर. मागोमाग दोन पोलीस आले. त्यांनी कुलूप बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं, बोट फिरवलं. एक ओरखडा नाही. दार मोडलेलं नाही, उचकटलेलं नाही, उलट मी आले तेव्हा व्यवस्थित बंद होतं आणि मी माझ्या किल्लीने ते उघडलं होतं. पोलिसांनी कागदावर अरबीत लिहून ह्यांची सही घेतली. मी तो कागद बघितला. कुराण शिकलेली आहे मी, अक्षरं सगळी वाचता येतात, ओठ हलवून एकेक शब्द वाचला. अर्थ एकाचा कळला नाही.

पोलिसाने ताईंना विचारलं, ताईंनी ह्यांना विचारलं, "किल्ल्या किती आहेत तुमच्याकडे?"

"तीन," हे म्हणाले. "एक माझी, ही बघा. एक हिची. तिसरी कपाटात असते." आणि माझ्याकडे वळून, "तिसरी आहे ना गो जागेवर?"

मी म्हटलं, "आहे."

बस्स. एवढंच. एक शब्द. विचार करून बोलले नाही, खरंच नाही, तोंडातून निघून गेला. आणि पोलीस म्हणाला, मग चौथी किल्ली कोणाकडे? चौथी हारिसकडे असते. हारिस म्हणजे बिल्डिंगचा राखणदार. सगळ्या घरांची एकेक किल्ली त्याच्या खोलीत, खिळ्यांवर टांगलेली.

आता ती तिसरी किल्ली कुठे होती ते सांगते. त्याआधी दाराचं सांगायला हवं.

आमचं दार आपोआप लागणारं होतं. आदल्या वर्षी धुळीचं वारं सुटलेलं, मी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर पाऊल टाकलं आणि मागे धाडकन दार बंद. आत शेगडीवर दूध, पलंगावर मुलगी झोपलेली, किल्ली आत. मी जिन्यात वेड्यासारखी नाचले. हारिस त्या दिवशी बाजारात गेलेला. ताईंनी वर्कशॉपला फोन केला, हे काम टाकून धावत आले, फोरमन ह्यांना सगळ्यांसमोर बोलला. दूध करपून भांडं काळं झालेलं. त्या दिवशी हे मला म्हणाले, "पुन्हा असं झालं ना, तर मी तुला गावी पाठवीन. तिथे दारं दिवसभर उघडीच असतात, तुझ्यासारखीला बरं."

रागाने बोलले, पण मी ते पोटात घेऊन बसले. लग्नानंतर चाळीस दिवसांनी हे कुवेतला आले होते. मुलगी झाली तेव्हा हे नव्हते. ती दोन वर्षांची झाली तेव्हा आमचा व्हिसा झाला, आणि विमानतळावर ती ह्यांना बघून "काका" म्हणाली. हे हसले, पण टॅक्सीत घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. म्हणून मला गावी जायचं नव्हतं. सासू चांगली होती, आंबे-फणस सगळं होतं, पण मला आता परत फोनवर नवरा नको होता. त्यासाठी मी काहीही केलं असतं, आणि केलं.

तर मी एक युक्ती काढली. आमची बाल्कनी दुसऱ्या मजल्यावर, खाली केरळवाल्याचा बकाला, म्हणजे किराणा दुकान. मी दोरीला प्लॅस्टिकची टोपली बांधून खाली सोडायची, तो त्यात खुबूस, म्हणजे तिथली रोटी, दही, कोथिंबीर टाकायचा, मी वर ओढून घ्यायची. सगळ्याच बायका करायच्या. मी काय केलं, तिसरी किल्ली कपाटातून काढली, खुबूसच्या पिशवीत गुंडाळली आणि टोपलीत कपड्यांच्या चिमट्यांखाली ठेवून दिली. आणि टोपली कायम खाली सोडून ठेवायची, दुकानाच्या पाटीच्या बाजूला, हात वर केला की लागेल एवढी. पुन्हा दार लागलं तर मी गुपचूप खाली जाणार, किल्ली घेणार, वर येणार. ह्यांना फोन नको, कोणाला काही नको. मला इतकी हुशारी वाटली होती स्वतःची की मी ते कोणालाच सांगितलं नाही. आणि ती किल्ली रोज भाजी भरताना, दही ठेवताना, येताजाता कोणाकोणाला दिसत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गावात आमच्या किल्ली उंबऱ्यावरच्या फळीवर ठेवतात आणि सगळ्या वाडीला माहीत असतं. कोणी घेत नाही.

पोलीस खाली गेले, हे त्यांच्याबरोबर गेले, आणि मी बाल्कनीत धावले. दोरी ओढली. टोपली कठड्यावर आपटली. आत चिमटे होते. पिशवी होती. किल्ली नव्हती. आणि पिशवीची, तुम्हाला सांगते, पिशवीची चोराने नीट चौकोनी घडी घालून ठेवली होती.

मुलगी बाजूला उभी होती. तिला ते टोपलीचं गुपित माहीत होतं, ती दिवसभर माझ्याच पायात असायची. ती म्हणाली, "मम्मी, की गॉन."

"गप," मी म्हटलं. "पप्पांना सांगायचं नाही."

त्याच संध्याकाळी हारिसला चौकशीला नेलं. मी वरून बघितलं. उंच माणूस, मिसरी, म्हणजे इजिप्तचा, पायघोळ झगा घालायचा, आणि त्याच्या खोलीबाहेर सदा चहाची किटली. माझा गॅसचा सिलिंडर तो खांद्यावरून वर आणायचा. मुलीला बोलावून खुबूसवर साखर घालून द्यायचा. जाताना त्याने किटली उचलून आत ठेवली, दार ओढलं आणि वर सगळ्या बाल्कन्यांकडे एकदा बघितलंन. मी खाली बसले, कठड्यामागे.

दोन दिवसांनी त्याला सोडलं. पुरावा काही नव्हता, पण बिल्डिंगने ठरवून टाकलं होतं. चौथ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "चेहऱ्यावरच दिसतं." मला दोन वर्षं त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नव्हतं.

आणि आमच्या घरातली तऱ्हा काय सांगू. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी नवं कुलूप बसवलं, वर एक कडी, खाली एक कडी. म्हणाले, जुन्या किल्ल्या टाक. मी दोन टाकल्या आणि तीन टाकल्या म्हणून सांगितलं. हे कामावर गेले की मी सोफा सरकवून दाराला लावायची. हे आले की आधी सोफा हटवायचा, मग खालची कडी, मग वरची, मग कुलूप, आणि हे बाहेर उभे, "अगो, तुरुंग आहे की घर?" मी हे येईपर्यंत आंघोळ करायची नाही, कारण नळाच्या आवाजात पावलं ऐकू येणार नाहीत. खलबत्त्याचा बत्ता मांडीवर घेऊन बसायची. मुलगी सकाळी उठली की पलंगाखाली डोकं घालून विचारायची, "हॅलो चोर?" उत्तर आलं नाही की म्हणायची, "नोबडी," आणि मग दूध प्यायची. हारिसला बघितलं की मात्र किंचाळून माझ्यामागे लपायची, कारण जिन्यात सगळे बोलत होते ते तिने ऐकलेलं. एकदा त्याने खजूर पुढे केला. ती लपली. त्याने हात तसाच थोडा वेळ धरला आणि मग खजूर स्वतःच खाल्लान.

मी वर आले आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

सांगायचं रोज ठरवायची. सकाळी ठरवायची, दुपारी कच खायची. एकदा जेवताना सुरुवातही केली, म्हटलं, "अहो, तो हारिस गरीब वाटतो."

"गरीब वाटतो म्हणून किल्ली वापरता येत नाही काय?" हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू किती वाळलीस बघ. जेवत नाहीस, सोफ्याआड बसतेस. हे असंच चालणार असेल तर मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला जाशील ती तिथेच रहा. भीती जाईल तेव्हा ये. मी वर्कशॉपात लोखंड कापू की तुझी काळजी करू?"

ह्या वेळेला रागाने नाही, प्रेमाने म्हणाले. ते जास्त वाईट. म्हणजे घाबरले तरी गावी, आणि खरं सांगितलं तर नक्कीच गावी. मी दुसऱ्या दिवसापासून सोफा लावायचं सोडलं आणि हसायला लागले. ताई म्हणाल्या, "अगं, तू हसतेस की दात दुखतोय?"

असे अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी दुपारी, दोनच्या सुमाराला, मी कपडे वाळत घालत होते. खाली गाडी थांबली. बिल्डिंगच्या मालकाचा माणूस उतरला, सगळे त्याला मंदूब म्हणायचे, भाडं घ्यायला तोच यायचा. त्याच्याबरोबर एक नवा माणूस, हातात बॅग. मंदूब हारिसशी काहीतरी बोलला. हारिसने मान हलवली. आत गेला, बाहेर आला, आणि त्याने आणलं काय, तर खोकं. दोरीने आवळून बांधलेलं, वर मार्करने काहीतरी लिहिलेलं. अगदी आमच्यासारखं. ते त्याने पायरीवर ठेवलं, त्यावर किटली ठेवली आणि किल्ल्यांचा जुडगा मंदूबच्या हातात दिला.

त्याच्याही गावी कोणीतरी असेल ना बामाची वाट बघणारं. त्याच्या खोक्यातही कोणाचं तरी चमकीचं कापड असेल.

मला काय झालं मला माहीत नाही. मी वरून ओरडले, "थांबा!" मराठीत. कोणी बघितलं नाही. मी ताईंचं दार वाजवलं, ताई घरी नाहीत. परत बाल्कनीत आले. आता माझं अरबी किती, तर मिफ्ताह म्हणजे किल्ली, हरामी म्हणजे चोर, मा फी म्हणजे नाही, आणि अना म्हणजे मी. चार शब्द. मी नवीन किल्ली कपाटावरून ओढली, खुबूसच्या पिशवीत गुंडाळली, टोपलीत टाकली, वर चिमटे टाकले आणि टोपली सोडून दिली. ती भर्रकन गेली आणि मंदूबच्या डोक्याच्या वीतभर वर जाऊन थांबली.

"मिफ्ताह," मी ओरडले. "मिफ्ताह, मिफ्ताह."

आता सगळ्यांनी वर बघितलं. बकालावाला बाहेर आला, समोरचा शिंपी बाहेर आला, चौथ्या मजल्यावरची खाली वाकली. मी दाराला चप्पल अडकवली, मुलीला काखेत मारलं आणि जिना उतरले. पायात काही नाही, डोक्यावरची ओढणी गळ्यात. खाली पोचले तर दम एवढा लागलेला की ते चार शब्दही गेले. मग मी करूनच दाखवायचं ठरवलं.

मुलीला शिंप्याच्या स्टुलावर बसवलं. मी चोर झाले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, हात वर केला, टोपलीतून पिशवी काढली, किल्ली काढली. पिशवीची घडी घातली आणि टोपलीत परत ठेवली. बकालावाल्याने मान हलवली, त्याला कळलं. मग मी चवड्यांवर जिना चढायला लागले. वळून बघते तर सगळे जागेवर. मी हाताने खुणावलं, या, या. मग मंदूब आला, मागे हारिस, मागे नवा माणूस बॅग घेऊन, मागे शिंपी माझ्या मुलीला कडेवर घेऊन. मी दारात अडकवलेली चप्पल काढली, दार लावलं, सगळ्यांसमोर किल्लीने उघडलं, आत गेले आणि उशी खांद्यावर घेऊन बाहेर आले. खोकं म्हणून. उशीच्या वजनाने वाकून चालले. मंदूब हसायला लागला. मी उशी टाकली आणि छातीवर हात मारला.

"हारिस मा फी हरामी," मी म्हटलं. "मिफ्ताह... अना. अना."

आणि तेव्हा जिन्याच्या वळणावर मला हेल्मेट दिसलं. हे कामावरून आले होते. मागोमाग ताई, हातात भाजीची पिशवी. ह्यांनी बायको बघितली, अनवाणी, ओढणी लोंबतेय, सगळी पुरुषमंडळी भोवती, आणि पायाशी उशी.

"काय चाललंय गो हे?"

मी सांगितलं. ह्या वेळेला मराठीत, सगळं, धुळीच्या वाऱ्यापासून, एका श्वासात. ताईंनी मोडक्यातोडक्या अरबीत मंदूबला सांगितलं. मंदूबने हारिसकडे बघितलं, हातातला जुडगा त्याच्याकडे फेकला आणि नव्या माणसाला म्हणाला, चल. त्या बिचाऱ्याने बॅग उचलली आणि गेला. त्याचं काय झालं मला माहीत नाही.

हारिस पायरीवर बसला. झग्याच्या बाहीने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग ताईंना काहीतरी विचारलंन.

ताई म्हणाल्या, "तो विचारतोय, तुला हे कधी आठवलं?"

मी त्याच्याकडे बघितलं. अकरा दिवस. त्यातले दोन त्याने चौकशीत काढलेले. तो खजूर. आणि मी म्हटलं, "आज. आत्ता कपडे वाळत घालताना. चिमटे बघितले आणि आठवलं."

"मम्मी, नो," मुलगी शिंप्याच्या कडेवरून म्हणाली, "की गॉन तर—"

मी तिला ओढून घेतलं आणि तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं. ताईंनी भाषांतर केलं. हारिसने ऐकलं, उजवा हात छातीवर ठेवला आणि मला म्हणाला, "मालेश." म्हणजे असू दे, होतं असं. आणि उठून खाली गेला किटली चढवायला.

घरात आल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले. ह्यांनी बूट काढले, हात धुतले, जेवायला बसले. मी वाढलं. अर्धी भाकरी झाली. शेवटी मीच विचारलं, "पाठवणार काय मला?"

"कुठे?"

"गावी."

ह्यांनी घास चावून संपवला. "एवढा सराईत चोर गावी पाठवला तर गाव लुटशील तू. इथे निदान कुलपं आहेत." मग त्यांच्या नाकातून आवाज आला, मग खांदे हलायला लागले, आणि हसता हसता भाकरी ताटात पडली. "उशी घेऊन वाकलीस काय, अल्ला, त्या मंदूबचं तोंड बघितलंस तू?" मीपण हसले. मुलगी बाकी काही न कळता हसली. त्या चोरीनंतर आमच्या घरात पहिल्यांदा आवाज झाला. संध्याकाळी मी बत्ता खलात परत ठेवला, लसूण कुटला आणि कोलंबी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी चोराला हॅलो करायची विसरली.

बहिणीच्या लग्नाला आम्ही तिघं गेलो, एक पिशवी घेऊन, आणि तिघं परत आलो. ह्यांनी सासूला सांगितलं, "ह्या खेपेला खोकी नाहीत, चोर दाखवायला आणलाय." मला सगळ्यांसमोर पुन्हा उशी घेऊन चालायला लावलंन.

आणि हारिस. मी टोपली ठेवली होती, नुसती भाजीसाठी. तो रोज सकाळी जाता जाता दोरी दोनदा ओढायचा. टक, टक. म्हणजे टोपलीत काही नाही ना, सगळं ठीक ना. मी वरून दोनदा ओढायची. इतकी वर्षं, एक दिवस चुकला नाही. मुलगी त्याच्या किटलीशी बसून अरबी शिकली, माझ्यापेक्षा चांगलं. ती दहा-अकरा वर्षांची झाली तेव्हा तो कायमचा गावी निघाला. ह्यांनी त्याचं खोकं बांधून दिलं, मी त्यात अत्तर टाकलं, बाम टाकला. निघताना तो मुलीला काहीतरी बोलला आणि म्हणाला, आईला सांग.

मुलगी म्हणाली, "मम्मी, ही सेज, ह्या बिल्डिंगमध्ये एकटी तूच खरं बोललीस. तो घरी जाऊन सगळ्यांना तुझी गोष्ट सांगणार आहे."

ती माझ्याकडे बघत होती. तिला आठवत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. तिने विचारलं नाही. टॅक्सीवाला हॉर्न देत होता, खोकं टपावर चढलं होतं, त्याने हात छातीवर ठेवला होता आणि तो हसत होता, अगदी खुशीत. मला एक वाक्य बोलायचं होतं, अकरा दिवसांचं, आणि भाषांतर करायला माझी मुलगी बाजूलाच उभी होती.

मी पण हात छातीवर ठेवला आणि हसले. टॅक्सी गेली.

आता तुम्ही सांगा. माणूस एवढा आनंदात निघालेला, सोबत माझी चांगली गोष्ट घेऊन. त्याला ते वाक्य सांगायचं, की जाऊ द्यायचं? तुम्ही तिथे असतात, तर काय केलं असतंत?